उन्हाचा सातबारा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ऊन हे एकच पीक असं आहे, ज्याला कालव्याचं आवर्तन लागत नाही, ज्याची तोड साखर कारखान्याच्या चिटबॉयच्या मर्जीवर नसते आणि ज्याच्या काट्यात कुणाला मारता येत नाही. घाटावर धो धो पडून मोकळा झालेला पाऊस इकडं येईपर्यंत नुसतं आभाळ उरतं, त्यामुळं पीक बारमाही. तरी आजवर त्याला भाव नव्हता. उन्हाचे उपयोग दोनच होते : कुरडया वाळवणं, आणि साहेबांच्या सभेला खुर्च्या रिकाम्या का राहिल्या याचं कारण सांगणं.

१३ फेब्रुवारी २०२४ ला केंद्रानं ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ जाहीर केली आणि उन्हाला पहिल्यांदा हमीभाव मिळाला. एक कोटी घरं, ७५ हजार २१ कोटी रुपये, महिन्याला ३०० युनिटपर्यंत वीज फुकट. गावात बातमी पोचली ती अर्धीच. ‘पॅनेल बसवायचंय’ एवढंच कानावर आल्यावर पारावरच्या एका ज्येष्ठ सभासदानं विचारलं, “कुणाचं? आणि आपल्या गटातनं कोण उभं?” त्यांचं काही चुकलं नाही. या भागात पॅनेल बसतं ते कारखान्याच्या निवडणुकीत, आणि फार तर पाच वर्षं टिकतं. हे उन्हाचं पॅनेल पंचवीस वर्षं चालतं म्हटल्यावर म्हातारा म्हणाला, “एवढी वर्षं एकाच पॅनेलला? सभासद ऐकायचे नाहीत.”

घर सौर करायला पहिल्यांदा सूर्य लागतो, असं शाळेत शिकवतात. साफ चूक. पहिल्यांदा वीजबिल लागतं, आणि त्यावर जिवंत माणसाचं नाव लागतं. अर्ज वीजग्राहकाच्या नावानं होतो आणि छप्पर त्याच्या हक्काचं असावं लागतं. आपल्याकडं वस्त्या-वस्त्यांवर बिल येतं ते आजोबांच्या नावानं. आजोबा कधीच गेले. दहावा झाला, तेरावा झाला, फोटोला चंदनाचा हार चढला. पण मीटरच्या लेखी ते अजून पंखा लावून झोपतात, पहाटे मोटार चालू करतात आणि दरमहा मुदतीत बिल भरतात. हयातीत त्यांनी एकही बिल मुदतीत भरलं नव्हतं, हे घरातले सगळे खासगीत मान्य करतात.

नाव बदलायचं तर मृत्यूचा दाखला, घराचा उतारा आणि बाकीच्या वारसांची संमती. दाखला ग्रामपंचायतीत मिळतो. संमती कुठल्याच कार्यालयात मिळत नाही.

“बिल फक्त माझ्या नावावर घेतो,” थोरला म्हणतो.

“फक्त?” धाकटा म्हणतो. “विहीरपण फक्तच होती, दादा.”

इथं संभाषण थांबतं आणि दोन्ही जावा स्वयंपाकघरात भांडी जोरात ठेवू लागतात.

खरं तर या घरात सगळ्या वाटण्या झालेल्या आहेत. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, बांधावरच्या आंब्याचे आंबे दरवर्षी दोघांसमोर मोजून होतात. गच्ची तेवढी सामाईक राहिली, कारण तिच्यावर काही पिकत नव्हतं. आता तिच्यावर या योजनेचं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान पिकतंय म्हटल्यावर मोजणी आणायची भाषा सुरू झाली. आणि दिशांचे भाव तर रातोरात फिरले. मागच्या वाटणीत दक्षिणेची खोली कुणी घ्यायला तयार नव्हतं. यमाची दिशा म्हणून ती गरीब गाय असलेल्या धाकट्याच्या गळ्यात मारली होती. आपल्याकडं पॅनेलचं तोंड दक्षिणेला ठेवलं की वीज जास्त मिळते हे कळल्यापासून थोरल्याला एकाएकी वास्तुशास्त्रातला फोलपणा जाणवू लागला आहे.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात मान्याचीवाडी नावाचं गाव आहे. २०२४ मध्ये ते राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. तिथं सगळं गाव एका विचारानं उन्हाखाली आलं. आपल्याकडं एक गच्ची येईना. सरकारचा यात दोष नाही. फेब्रुवारी २०२४ मध्येच नियम बदलून १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांची तांत्रिक तपासणी काढून टाकली गेली, म्हणजे वीज कंपनीची हरकत संपली. भावाच्या हरकतीवर मात्र केंद्राला अजून नियम सुचलेला नाही.

समजा, भाऊ मानला. आता गच्चीवर चढू.

एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, तीन किलोवॅटला ३००. हल्लीची साडेपाचशे वॅटची सहा पॅनेलं, प्रत्येक सुमारे सात-साडेसात फूट लांब आणि दारापेक्षा रुंद. गच्ची हजार फुटांची, म्हणजे जागेला तोटा नाही असं वाटतं. पण गच्चीवर आधीच सळया उभ्या असतात. नातवाच्या लग्नाआधी जो मजला चढवायचा आहे, त्याच्या त्या सळया. नातू अजून बालवाडीत आहे. पॅनेलं पंचवीस वर्षांसाठी बसतात, मजला पाच वर्षांत घालायचाच असं ठरलेलं असतं, आणि गेली वीस वर्षं ते तसंच ठरलेलं आहे. शेवटी ठेकेदाराला सांगितलं जातं, “सळयांना धक्का लावू नका, मधनं मधनं बसवा.” त्या बिचाऱ्याला उन्हात उभं राहून सळई, तिची सावली आणि मालकाचं स्वप्न या तिन्हींतून वाट काढावी लागते.

मग टाकी. वास्तूप्रमाणे पाण्याची टाकी नैऋत्येला. नैऋत्येच्या टाकीची सावली हिवाळ्यात दुपारनंतर नेमकी ईशान्येकडं, म्हणजे पॅनेलांवर पसरते. आणि पॅनेलं एका ओळीत जोडलेली असल्यानं एकावर सावली पडली की सगळी ओळच मान टाकू शकते. ठेकेदार म्हणाला, टाकी सरकवा. घरमालक म्हणाला, सूर्य सरकव, टाकी नाही. टाकी तिथं बसवली त्याच वर्षी कर्ज फिटलं होतं. कर्ज त्या वर्षी सरकारनं माफ केलं होतं, पण श्रेय टाकीला.

वहिनींचा प्रश्न सगळ्यांत शहाणा होता आणि तो अर्थातच कुणी ऐकला नाही. “कुरडया कुठं वाळवायच्या?” पॅनेलचा सांगाडा उंच घेतला तर खाली माणूस वावरतो, कपडे वाळतात, आणि सावलीमुळं खालची खोली मे महिन्यात थोडी सुसह्य होते. खर्च वाढतो, हे खरं. पण सगळी गच्ची लोखंडानं भरून वाळवण अंगणात कोंबड्यांच्या हवाली करण्यापेक्षा तो परवडतो.

आता आपल्या भागाचं खास दुखणं. गाळप हंगाम सुरू झाला की दोरीवरचं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत ठिपक्यांचं होतं. कुणी ऊस पेटवून तोडतो, त्याची काजळी. बाकी चिमणीची राख. कारखाने उसाच्या भुश्श्यावर वीज करून विकतात, चांगलं आहे. त्या विजेची राख उडत येऊन आपल्या विजेवर बसते. म्हणून इकडच्या पॅनेलांना हिवाळ्यात वरचेवर आंघोळ लागते, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, मऊ फडक्यानं. पाणीही गोडं पाहिजे. बोअरचं खारं पाणी वाळलं की काचेवर पांढरे डाग बसतात आणि ते घासून जात नाहीत. ज्या वस्तीला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथं सूर्यनारायणासाठी गोड्या पाण्याची बादली मागायला कोण जाणार, हा प्रश्न घरात अजून सुटायचा आहे.

बरं, पावसाळ्यात तरी फुकट धुऊन निघतील? तुकोबांची पालखी बेलवडीच्या रिंगणाला येते तेव्हा आभाळ भरून येतं. भरून येतं आणि तसंच पुढं जातं. ढगांमुळं वीज कमी, आणि पाऊस नाही म्हणून धूळ तशीच. दोन्हीकडून नुकसान सोसण्याची या मातीची परंपरा पॅनेलांनाही लागू झाली.

गच्चीवरून खाली उतरलं की खरी गंमत आहे. महिन्याला ८० युनिट जाळणारं घरही तीन किलोवॅटच मागतं. का? अनुदान तिथं जाऊन थांबतं म्हणून. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६०, तीनला ७८. त्यापुढं कितीही चढवा, ७८च. तीन किलोवॅटला दीड ते दोन लाख खर्च येतो, म्हणजे वरचे लाखभर आपले असतात, हे ‘मुफ्त’ शब्दाच्या उजेडात दिसत नाही. तीन किलोवॅट महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट देतं. घर ८० खातं. उरलेली वीज नेट मीटरमधून तारेवर जाते, तिथं जमा राहते, ३१ मार्चला हिशेब होतो आणि शिल्लक युनिटांचे जे पैसे मिळतात ते पाहून कुणाचा ऊर भरून येत नाही.

म्हणून मग जानेवारीतच घरातून ठराव येतो : “वीजवाल्यांच्या घशात घालायची त्यापेक्षा एसी घेऊ.” दीड टनाचा एसी तासाला एक-सव्वा युनिट सहज ओढतो. मग मागच्या दाराचा बंब अडगळीत जातो आणि दोन हजार वॅटचा गिझर येतो. लग्नात आलेला फ्रीज, ज्याचं दार रबरानं नव्हे तर दोरीनं बंद राहतं, तो काढायचा होता. तोही राहतो, कारण ‘आता काय, फुकटच आहे’. वर्षभरात बिल परत जुन्या जागी येतं, फक्त सोबत बँकेचा हप्ता आणतं. आणि बिल शून्य झालं तरी शून्य होत नाही. स्थिर आकार नावाचा पाहुणा वीज न जाळताही जेवून जातो.

याउलट एक भाबडा हिशेब सांगतो. साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास. एखाद्या घरात चार पंखे, रोज बारा तास. दिवसाला दोन युनिटांहून जास्त वाचतात, महिन्याला ६५च्या आसपास. म्हणजे अर्धा किलोवॅट पॅनेल गच्चीवर न चढवताच मिळालं, तेही बारा-तेरा हजारांत. २०२३च्या १ जानेवारीपासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालं आहे, तेव्हा दुकानात जाऊन नुसते तारे मोजता आले तरी पुरे. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रात्री बटणावरून बंद केला तर आणखी काही युनिटं. घर असं आधी हलकं केलं की तीनऐवजी एक-दोन किलोवॅटमध्ये भागतं, आणि कर्जही काढायला नको.

पण हे कोण करणार? पंखा बदलला म्हणून कुणी नारळ फोडत नाही. सरपंच येत नाहीत. स्टेटसला टाकावा असा पंख्याचा फोटो निघत नाही. बचतीला फ्लेक्स नसतो, आणि आपल्या दोन्ही तालुक्यांत ज्याला फ्लेक्स नाही ते घडलंच नाही असं धरतात.

अर्थिंगचंही तेच. सौर जोडणीला तीन वेगळी अर्थिंग लागतात : एक पॅनेलांच्या बाजूचं, एक घरच्या विजेच्या बाजूचं, एक वीज कोसळली तर तिच्यासाठी. तिन्ही जमिनीत गाडलेली, म्हणजे पाहुण्यांना दाखवता न येणारी. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन मोडून दोन भोकांत बसवणाऱ्या घरात हे खड्डे म्हणजे ठेकेदाराचा पैसे काढायचा धंदा ठरतो. ठेकेदारानं ते टाळले, तर तो ‘आपला माणूस’.

सगळं होऊन उद्घाटन पार पडतं, आणि पहिल्याच दुपारी वीज जाते. भर उन्हात, गच्चीवर सहा पॅनेलं तळपत असताना, घरात अंधार नाही पण पंखा बंद.

“अहो, सोलर आहे ना आपलं?”

आहे. पण तारेला जोडलेलं साधं सोलर वीज गेली की आपणहून बंद पडतं, आणि पडायलाच हवं. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरचं ऊन झटका देईल. वीज गेल्यावरही चालायला बॅटरीचं हायब्रिड लागतं, ते महाग. हे पत्रकात बारीक अक्षरात असतं, विक्रेत्याच्या तोंडी अजिबात नसतं, आणि घरमालकाला मात्र पहिल्या आठवड्यात पाठ होतं. शेजारी कुंपणावरून विचारतो, “काय पाव्हणं, बिनविजेचं सोलर घेतलं का?” त्याच्याकडं जुना इन्व्हर्टर आहे, आणि आज तो राजा आहे.

पॅनेलं घेऊ नका, असं मी म्हणत नाही. ऊन आपल्याकडं आहे, दुसरीकडं पाणी आहे; देवानं वाटणी करताना हेच दिलं. पण आधी बिलावरच्या आजोबांना मोक्ष द्या. मग पंखे-फ्रीज बघा, बारा महिन्यांची बिलं मांडून बेरीज करा, आणि मग किती किलोवॅट ते ठरवा. काम योजनेच्या यादीतल्या नोंदणीकृत ठेकेदाराकडूनच करून घ्या. यंत्रणा चालू झाल्यावर अनुदान तुमच्याच बँकखात्यात येतं. ‘तुमचं अनुदान आमच्या खात्यात घेऊन मग देतो’ म्हणणारा कुणी आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका. संमती दिलेल्या भावालासुद्धा.