टेराफ्लॉपराव

टेराफ्लॉपराव हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते नाव त्याच्या आईला आणि आधार कार्डाला ठाऊक आहे. सोसायटी, ऑफिस आणि मित्रमंडळी त्याला याच नावाने हाक मारतात आणि तोही ओ देतो. हिंजवडीतल्या एका कंपनीत तो बँकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेतो. उरलेल्या वेळात, आणि बराचसा पगारी वेळातही, निन्टेन्डोचं पुढचं यंत्र किती ताकदीचं निघणार याचा हिशेब मांडतो. क्योतोतल्या त्या कंपनीने त्याला हे काम सांगितलेलं नाही. ती कंपनी तर स्वतःच्या यंत्राची ताकद आकड्यात सांगायलाही तयार नसते. पण कुणीतरी सांगितलं पाहिजे ना!

'गेम खेळतोस का रे?' असं त्याला विचारू नये. तो दुखावतो. त्याच्या लेखी खेळणं हे पोराटोरांचं काम, जाणकाराने मोजायचं. लहानपणी तो खेळला नाही असं नाही. टीव्हीला जोडायचे ते आठ बिटी खेळ, फुंकर मारून बसवायची काडतुसं, त्यांवर लिहिलेले हजारो खेळ आणि प्रत्यक्षात निघणारे तेच ते दहा-बारा, हे सगळं त्याने भोगलं आहे. जाहिरातीतला आकडा आणि आतला माल यांचा संबंध तपासून पाहायची खोड त्याला तेव्हाच लागली असावी.

त्याचा मूलमंत्र साधा आहे. चिपमधल्या कोअरची संख्या, गुणिले दोन, गुणिले घड्याळाचा वेग. उत्तर येतं ते टेराफ्लॉपमध्ये. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं. हे वाक्य त्याने दूधवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना ऐकवलेलं आहे. सेकंदाला एवढी गणितं होतात म्हटल्यावर चेअरमननी फक्त एवढंच विचारलं, 'मग आपल्या मेंटेनन्सचा हिशेब मार्चपर्यंत लागेल का?'

एका मुंजीच्या पंगतीत मी त्याच्या शेजारी सापडलो होतो. निन्टेन्डोचा स्विच २ जाहीर व्हायला अवकाश होता, त्यामुळे तो ऐन बहरात होता. पहिला वरणभात संपायच्या आत त्याने संकरित यंत्राचं दुखणं मांडलं.

'हे बघ, हातात धरायचं तेव्हा बॅटरीवर चालायचं. दोन-तीन तास तरी टिकलं पाहिजे आणि हात भाजता कामा नये. म्हणून घड्याळ मंद. टीव्हीखालच्या डॉकमध्ये ठेवलं की वीज भिंतीतून, मग घड्याळ जोरात. तीच चिप, पण दोन आयुष्यं! डॉकमधलं यंत्र म्हणजे सासुरवाडीला गेलेला जावई. खायला भरपूर, वर पंखा, आणि रुबाब दुप्पट.'

समोर वीजमंडळातून निवृत्त झालेले एक काका जिलबीची वाट पाहत होते. त्यांनी विचारलं, 'वॅट किती?'

'काका, हातात असताना साधारण दहाच्या आसपास.'

'दहा? अरे, आमच्या झिरोच्या बल्बला याहून जास्त लागायचे! त्यात कसली मोठी ताकद काढतोस?'

दोन तासांच्या व्याख्यानात जे येणार होतं ते काकांनी जिलबीआधीच सांगून टाकलं. तेवढ्या वॅटमध्ये मावेल तेवढीच ताकद. बाकी सगळी इच्छा. पण टेराफ्लॉपराव इच्छेवर जगणारा माणूस. त्याने काकांना मठ्ठा वाढायला लावला आणि विषय चिपच्या नॅनोमीटरवर नेला.

त्याची कारकीर्द सुरू झाली ती १७ मार्च २०१५ला. निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी एका नव्या यंत्राचा उल्लेख केला आणि त्याचं सांकेतिक नाव सांगितलं, 'एनएक्स'. बस, दोन अक्षरं! पुढचं दीड वर्ष कंपनी फारसं काही बोलली नाही आणि तेवढा काळ जगभरचे टेराफ्लॉपराव बोलत राहिले. आमच्या रावाने तर गणिताने सिद्ध केलं होतं की एनएक्स पीएस४ या प्रतिस्पर्धी यंत्राच्या बरोबरीला बसणार. पीएस४ होता १.८४ टेराफ्लॉपचा. २० ऑक्टोबर २०१६ला यंत्र दिसलं: नाव स्विच, चिप एनव्हिडियाची टेग्रा. राव म्हणाला, 'टेग्रा असली तरी नव्या पास्कल पिढीची असणार.' डिसेंबरात घड्याळाचे आकडे फुटले. डॉकवर ७६८ मेगाहर्ट्झ, हातात ३०७. चिपही आधीच्या मॅक्सवेल पिढीची निघाली, कोअर २५६. मूलमंत्र लावला. उत्तर आलं ०.३९. पीएस४चा जेमतेम पाचवा हिस्सा, आणि तोही डॉकवर.

दोन दिवस तो ऑफिसला गेला नाही. तिसऱ्या दिवशी उजळ चेहऱ्याने आला. 'अरे, अर्ध्या अचूकतेने गणितं केली तर ही चिप दुप्पट वेगाने धावते!' अर्धी अचूकता त्याला बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये चालली असती का, हे मी विचारलं नाही.

३ मार्च २०१७ला स्विच बाजारात आला आणि त्यावर झेल्डाचा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आला. डॉकवर ९०० रेषा, हातात ७२०. राव त्या रेषा मोजत बसला. लोक त्या खेळातल्या डोंगरांवर चढत बसले. पुढे स्विच १५ कोटींहून जास्त खपला. पाचपट ताकदीच्या पीएस४ला तेवढा खप लाभला नाही. हे त्याच्या कानावर घातलं की तो म्हणतो, 'खप हा तांत्रिक मुद्दा नाही.'

त्यानंतर आलं 'प्रो'पर्व. स्विच प्रो नावाचं यंत्र निन्टेन्डोने कधी जाहीर केलं नाही, पण आमच्या घरी त्याचा मुक्काम तीन वर्षं होता. राव चहाला येई आणि प्रो बरोबर घेऊन येई. मार्च २०२१मध्ये बातमी आली: सात इंची ओलेड पडदा, टीव्हीवर ४के. त्याने बायकोला सांगून टाकलं की टीव्ही बदलावा लागेल. ६ जुलै २०२१ला निन्टेन्डोने जे जाहीर केलं त्यात ओलेड पडदा होता, मागे रुंद टेकू होता, डॉकला लॅनची वायर लावायची सोय होती. चिप तीच. ४के नाही.

बायकोने विचारलं, 'मग टीव्हीचं काय?'

'थांब. डॉकला लॅनचं भोक उगीच देत नाहीत. काहीतरी येतंय.'

तिने टीव्हीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून वॉशिंग मशीन घेतलं. ते किती वॅटचं, किती फेऱ्यांचं, हे त्याला आजही सांगता येणार नाही.

खरा सुवर्णकाळ २०२२नंतरचा. एनव्हिडियाच्या संगणकांत चोर शिरले आणि बाहेर आलेल्या फायलींत एका चिपचं नाव सापडलं, टी२३९. कोअर १५३६! आता हिशेबातला पहिला आकडा मिळाला होता, दोन तर दोनच आहेत. राहिला घड्याळाचा वेग. तो अवलंबून चिप किती नॅनोमीटरच्या तंत्राने बनवली यावर. इथे पंथ पडले. सॅमसंगच्या आठ नॅनोमीटरवाले आणि त्याहून बारीक, चार-पाच नॅनोमीटरवाले. तंत्र जितकं बारीक तितकी उष्णता कमी आणि घड्याळ जलद, हा बारीकवाल्यांचा युक्तिवाद. जुनं तंत्र स्वस्त आणि निन्टेन्डो काटकसरी, हा आठवाल्यांचा. राव मनाने बारीकवाला आणि बुद्धीने आठवाला. त्यामुळे त्याला रात्री झोप लागत नसे.

या काळात त्याने काय केलं नाही? मालवाहतुकीच्या कागदपत्रांतून १२ जीबी मेमरी शोधणाऱ्यांच्या मागोमाग तो व्हिएतनामचं कस्टम वाचायला शिकला. स्वतःचं इन्कम टॅक्सचं विवरणपत्र तो सीएकडून भरून घेतो, कारण 'ते फॉर्म किचकट असतात'. मदरबोर्डचा म्हणून एक धूसर फोटो फिरत होता. तो त्याने मोठा करून छापला आणि मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने चिपची लांबी-रुंदी काढली. मुलगा भूमितीच्या पेपरला पट्टीविना गेला. आई म्हणाली, 'एवढा अभ्यास दहावीला केला असतास तर सीओईपीला लागला असतास.' तो म्हणाला, 'आई, तेव्हा लीक होत नव्हते.' हे वाक्य त्याने कुठल्या अर्थाने म्हटलं यावर घरात अजून एकमत नाही.

यंत्र आलं. १६ जानेवारी २०२५ला नुसतं दर्शन, २ एप्रिलला तपशील, ५ जूनला विक्री. अमेरिकेत तेव्हा किंमत ४४९.९९ डॉलर. ७.९ इंची पडदा, १०८० रेषा, सेकंदाला १२० चित्रांपर्यंत, टीव्हीवर ४के, आत २५६ जीबी साठवण. चिपपुढे निन्टेन्डोने एवढंच छापलं की एनव्हिडियाने बनवलेला खास प्रोसेसर. आकडा नाही! एनव्हिडियाने सांगितलं, जुन्या स्विचच्या दहापट चित्रशक्ती. दहापट कशात, कुठे मोजलेली, ते रावालाच ठाऊक.

मग जाणकारांनी यंत्र उघडलं आणि आमच्या रावावर आभाळ कोसळलं. कारण तो बरोबर निघाला. कोअर १५३६, बरोबर. मेमरी १२ जीबी, बरोबर. तंत्र सॅमसंगचं आठ नॅनोमीटर, त्याच्या बुद्धीने सांगितलेलं. घड्याळ डॉकवर १००७ मेगाहर्ट्झ, हातात ५६१. गुणाकार केला तर डॉकवर तीनच्या किंचित वर, हातात पावणेदोनच्या जरा खाली. त्याच्या वहीत वर्षभरापूर्वीपासून हेच आकडे होते. डॉकमध्ये पंखासुद्धा निघाला. जावयाची व्यवस्था चोख.

माणसाने पेढे वाटले असते. हा उदास झाला. पहिल्या स्विचच्या वेळी तो चुकला होता, त्यामुळे त्याला आठ वर्षं बोलायला विषय होता. आता वादच उरला नाही. आठवाले-चारवाले पांगले. दोन-तीन आठवडे तो आमच्याकडे चहाला आला तेव्हा चक्क हवापाण्यावर बोलला. माझी बायको घाबरून म्हणाली, 'याला बरं नाहीये का?'

निन्टेन्डो आपल्याकडे अधिकृतपणे स्विच विकत नाही. कुणी दुबईहून आणतं, कुणी अमेरिकेतल्या भाचीकडून मागवतं, कुणी आयात मालाच्या दुकानातून चढ्या भावाने घेतं. आमच्या इमारतीत पहिला स्विच २ आला तो तिसऱ्या मजल्यावरच्या आठवीतल्या मुलाकडे. त्याच्या हॉलमध्ये चार पोरं 'मारिओ कार्ट वर्ल्ड' खेळत होती. चोवीस गाड्या एकदम रस्त्यावर, आरडाओरडा, केळ्यांच्या साली. राव गेला आणि यंत्राच्या मागे कान लावून उभा राहिला.

'काका, खेळता का?'

'नको. पंखा ऐकतोय. आणि काय रे, पडद्यावर हलती चित्रं जरा धूसर होतात ना?'

'कुठे?'

'होतात! पिक्सेल बदलायला वेळ लावतात.'

चेहऱ्यावर तजेला परतला होता. तक्रार सापडली होती.

त्याची चूक गणितात नाही, माणूस ओळखण्यात आहे. ज्या कंपनीची ताकद तो मोजतो ती १८८९मध्ये हानाफुदा पत्ते छापायला बसली आणि आजही तिचा धंदा पत्तेवाल्याचाच आहे: डाव रंगला पाहिजे, कागद कितीही जाडीचा असो. तिथले गुन्पेई योकोई म्हणत की जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्या आणि त्याचा नवा उपयोग शोधा. त्यांनी १९८९मध्ये गेमबॉय दिला. पडदा रंगहीन, पण चार पेन्सिल सेलवर कितीतरी तास चाले. पाठोपाठ सेगाचा रंगीत गेम गियर आला, तो सहा सेल काही तासांत फस्त करी. जिंकला गेमबॉय. २००६चा वी ताकदीने प्रतिस्पर्ध्यांच्या मागे होता, दहा कोटींच्या वर गेला. त्याच्याहून ताकदवान वी यू दीड कोटीही गाठू शकला नाही. रावाला हे सगळे आकडे तोंडपाठ आहेत. त्यांचा गुणाकार कुठे करायचा एवढंच त्याला उमगत नाही.

परवा तो पुन्हा चहाला आला. बरोबर कोरी वही. पहिल्या पानावर 'स्विच ३' आणि खाली चिपच्या पुढच्या पिढ्यांची वंशावळ. सध्या त्याचा अंदाज आहे की—

जाऊ दे. वाचकहो, तुमच्या इमारतीतही असा एक असणारच. त्याचे आकडे जरूर ऐका. तो अभ्यासू असतो, आणि आता तर बरोबरही निघू लागला आहे. फक्त यंत्र घ्यावं की नाही, हे त्याला विचारू नका. ते आठवीतल्या पोराला विचारा.