उतरायचं एका गावी, पाहायचं दुसरं

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस शहराला खेटून, विलफ्रान्श-सुर-मेर नावाचं गाव आहे. मोठी पर्यटन-जहाजं तिथे धक्क्याला लागत नाहीत. पण खाडी इतकी खोल, की जहाज गावाच्या तोंडासमोर नांगर टाकून उभं राहतं आणि माणसांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. आदल्या रात्री जहाजावरच्या आमच्या खोलीत जो कागद मिळाला, त्यावर बंदराचं नाव ठळक होतं: विलफ्रान्श. खाली सहलींची यादी: मोनॅको, नीस, एझ. खुद्द विलफ्रान्शची सहल त्यात नव्हतीच.

मला हा हिशेब लगेच कळला. आम्ही सिंदेवाहीचे. हे कुठे आलं, असं कोणी विचारलं की आम्ही मुकाट्यानं ‘ताडोब्याजवळ’ म्हणून मोकळे होतो. वाघ पाहायला निघालेली एखादी गाडी चहापुरती थांबते, उतरणारा ‘गेट किती दूर?’ विचारतो आणि अर्धा चहा टाकून जातो. वाघ आमच्याकडे धानाच्या बांधीपर्यंत येतो, तोही तिकीट न काढता. (यात हसण्यासारखं फार नाही. मोह वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं कधीकधी परत येत नाहीत, हे आमच्या तालुक्यात कोणाला सांगावं लागत नाही.)

तेव्हा गावकीचा धर्म म्हणून मी विलफ्रान्शलाच राहायचं ठरवलं. मोनॅकोची बस लेक-जावयाला लखलाभ.

गाव डोंगराच्या उतारावर चढत गेलेलं. सोळाव्या शतकातल्या किल्ल्यात आता नगरपालिका बसते. कर थकवणाऱ्याला आत शिरतानाच धाक बसत असेल. खाली ‘रू ऑब्स्क्यूर’ नावाची तेराव्या शतकातली गल्ली आहे, सुमारे १३० मीटर, सगळी घरांच्या पोटातून गेलेली. भर दुपारी आत पाऊल टाकताच आमची ही म्हणाली, “लाइन गेली वाटते.”

बंदरावर कोळ्यांचं एक चिमुकलं चॅपेल आहे, संत पीटरचं. पूर्वी कोळी त्यात जाळी ठेवायचे. झाँ कॉक्तो हा कवी, नाटककार, सिनेमावाला. त्यानं कोळ्यांच्या मागे लागून परवानगी काढली आणि १९५७ मध्ये आतल्या भिंती नि छत रंगवून दिलं. दाराच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढे डोळेवाले चेहरे. एका भिंतीवर पीटर पाण्यावरून चालतोय, देवदूत त्याला मागून सावरतोय, आणि खालचे मासे ‘हे काय नवीन’ अशा तोंडानं बघताहेत. मला ते मासे फार आवडले. आत जायला तिकीट आहे, आणि पैसे कोळ्यांकडे जातात, हे त्याहून आवडलं.

सिंदेवाहीसमोर असं जहाज उभं राहिलंच, तर आपण काय दाखवू? धानाचं संशोधन केंद्र दाखवू. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांची गोष्ट सांगू. ‘पटेल-३’च्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी जपल्या, त्यातून नवा बारीक तांदूळ आला, आणि त्याला नाव मिळालं तेव्हाच्या चलतीच्या घड्याळाचं, एचएमटी. दादाजी २०१८ मध्ये गेले. रिसॉर्टमध्ये तोच भात जेवणाऱ्याला हे कोण सांगणार? आणि दिवाळीनंतर मंडई भरली की झाडीपट्टीचं नाटक रात्रभर रंगतं. पहाटेच्या सफारीसाठी पर्यटक नऊलाच झोपतो. वाघ दिसला नाही तर पैसे पाण्यात गेले म्हणतो, पण नाटक हुकलं याची त्याला खबरही नसते.

आम्ही चढावर रेंगाळलेले दिसलो, की विलफ्रान्शची माणसं फार मायेनं बस-थांब्याकडे बोट दाखवायची. “मोनॅको? मोनॅको?” मी मान हलवून नाही म्हणायचो, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शंका उमटायची: म्हातारा वाट चुकला की डोक्यानं गेला? आमच्या स्टँडवर कोणी बॅग घेऊन उगाच उभा राहिला, तर आम्हीही त्याला असंच ताडोब्याच्या दिशेला लावून देतो. इथे पाहायला काही आहे, यावर पहिला अविश्वास गावाचाच असतो.

एका टपरीवर तांब्याच्या परातीएवढ्या तव्यावर ‘सोक्का’ भाजत होते. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, वरून मिरपूड. दुकानदारानं उलथन्यानं खरवडून, कडा करपलेले तुकडे कागदात दिले. हिनं एक घास घेतला. “हे तं बेसनाचं धिरडं हाय जी. सांबार नाही टाकला यानं.” (सांबार म्हणजे आमची कोथिंबीर.) मग भाव कळल्यावर युरोचे रुपये करत ती बराच वेळ गप्प बसली. पण अजून एक कागद बांधून घेतलाच.

संध्याकाळी जावई मोनॅकोहून परतले. कॅसिनो बाहेरून पाहिला होता, महागड्या मोटारी पाहिल्या होत्या, राजवाड्यासमोर फोटो काढले होते. “आणि तुम्ही, बाबा? या गावात होतं काय पाहण्यासारखं?”

मी चॅपेलच्या माशांपासून सुरुवात करणार, तेवढ्यात हिनं तो कागद त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, चावला, थोडा विचार केला.

“आई,” ते म्हणाले, “हे तर धिरडं आहे.”

“मंग?” ही म्हणाली. “मोनॅकोत भेटलं का?”