राखेला आले भाव

भूममधल्या आज्यांनी पर्यावरण वाचवलं, पण पावती घ्यायची राहिली. १९७२च्या दुष्काळातून तावून-सुलाखून निघालेल्या या बायका चुलीतल्या राखेनं भांडी घासायच्या आणि ते पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात ओतायच्या. विरलेल्या लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की पायपुसणं. याला तेव्हा गरिबी म्हणत. आता तीच राख खाकी पाकिटातून ऑनलाइन येते, वर बबलरॅपचे तीन वेढे. २०१८मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून नातू कापडी पिशव्या जमवतोय. दर शिबिराची नवी. आजीचं एकाच पिशवीला ठिगळं लावून भागतं. शाश्वत जीवनशैलीवर बोलायला तिला कुणी बोलावत नाही, तेच बरं. चहा पिऊन झाला की कप फेकायचा, हे तिला अजून जमलेलं नाही.