शिकारीचा स्वयंरोजगार

शिकार हा पूर्वी राजेरजवाड्यांचा शौक. यूट्यूबने तो सामान्य अमेरिकन माणसाच्या पोटापाण्याचा उद्योग केला, याबद्दल जाहीर आभार मानलेच पाहिजेत.

धंदा कष्टाचा आहे. भर थंडीत पहाटेपासून झाडावरच्या मचाणावर बसायचे. अंगावर पानापाचोळ्याच्या नक्षीचे कपडे, म्हणजे हरणाला माणूस दिसू नये. तशाच नक्षीच्या टोपीवर प्रायोजक कंपनीचे नाव मात्र ठळक, कारण प्रेक्षकाला ते दिसलेच पाहिजे. हरिण टप्प्यात आले तरी घाई नाही. आधी शेजारच्या कॅमेरावाल्याने मान डोलवायला हवी. उजेड बरा नसला की हरणाला जीवदान. (अहिंसेचे एवढे काम आमच्या व्याख्यानमालांनाही जमले नाही.) पुढची पायरी म्हणून हरणांना मानधन सुरू करावे, ही नम्र सूचना.

वन अधिकाऱ्यांनी तर या मंडळींना शाल-श्रीफळ द्यावे. बेकायदा शिकारीचा माल राज्याबाहेर नेण्यास मनाई करणारा तिथला लेसी कायदा १९०० सालचा. पुरावा गोळा करायला तेव्हा रानोमाळ हिंडावे लागे. आता आरोपीच तो चित्रित करतो, नेटका कापतो आणि पार्श्वसंगीत देऊन प्रसिद्ध करतो.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. तरी होतकरूंनी व्हिडिओ जरूर टाकावेत. वनखाते ते शेवटपर्यंत पाहते.