टिचकी

जुन्या वाड्यात एखादी तरी ‘बेल्जियमची’ हंडी असते, आणि ती बेल्जियमची नाही हे सांगणारे एक अण्णा त्याच आळीत असतात. आमच्या अण्णांना जेवायला बोलवा. ताटाकडे बघण्याआधी ते पाण्याच्या पेल्याला टिचकी मारणार, मान वाकडी करून कान लावणार आणि पत्रिकेत मंगळ निघाल्याच्या सुरात म्हणणार, “साधी काच!”

शिसं असलेली क्रिस्टल काच हाताला जड लागते आणि टिचकी मारली की बराच वेळ घुमते, हे खरंच. पण पुतण्यासाठी मुलगी बघायला गेल्यावर सरबताच्या पेल्यावर टिचकी मारायची काही गरज होती? मुलीच्या वडिलांना वाटलं, पाहुण्यांना आणखी हवंय. अण्णांना तीन पेले सरबत प्यावं लागलं. निकाल तिन्ही वेळा तोच. हॉस्पिटलात पडले तेव्हा सलाइनच्या बाटलीलाही टिचकी मारून झाली. ती प्लास्टिकची निघाली, म्हणून दिवसभर रुसले होते.

टिचकीनंतर तपासणी. वस्तू उलटी करून बुडाला अंगठा फिरवायचा: फुंकनळीच्या काचेला तिथं दांडा तोडल्याची खूण असते, साच्यातल्या काचेला अंगावर सांध्याची रेघ. मग खिशातून जांभळा टॉर्च. युरेनियम घातलेली काच त्या उजेडात हिरवीगार चमकते. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सचं रंगीत झळाळीचं कार्निव्हल ग्लास अण्णा हातात घेतात तेव्हा आपण घड्याळ बघू नये.

इतकं कळूनही अण्णांच्या घरी संग्रह म्हणाल तर ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची एक काच आणि गोटी सोड्याची एक बाटली. कारण रविवारच्या जुन्या बाजारात ते विकणाऱ्यासमोरच खड्या आवाजात शिकवणी घेतात. पन्नास रुपयांची अत्तरदाणी टॉर्चखाली हिरवी झाली, अण्णा “युरेनियम!” म्हणून ओरडले, आणि भाव जागच्या जागी दोन हजार. अण्णांनी ती हळूच खाली ठेवली. आता त्या विकणाऱ्याकडेही टॉर्च आहे. टिचकीसुद्धा तो अण्णांपेक्षा ऐटीत मारतो.

असल्या माणसाला मी आमच्या मावशींकडे नेणार नव्हतो. तेच आले. माजघरातली हंडी मावशींच्या सासऱ्यांनी मुंबईहून मांडीवर ठेवून आणलेली. अण्णांनी टिचकी मारली. आवाज बद्द आला. केसाएवढा तडा मलाही दिसला, आणि अंगावरची सांध्याची रेघ तर बिनचष्म्याची दिसत होती. अण्णांनी खिशात घातलेला हात तसाच राहू दिला.

“बेल्जियम,” ते म्हणाले.

मावशींनी पदराने हंडी पुसली. “हे म्हणायचेच.”

माणूस अगदीच टाकाऊ नाही, एवढं मला मान्य करावं लागलं. जिना उतरताना मावशींचा भाचा मागून धावत आला. घर रिकामं करायची त्याला फार घाई. “अण्णा, बेल्जियम म्हणजे किती येतील?”

अण्णांनी त्याच्या चष्म्याच्या काचेवर टिचकी मारली.

“वीस रुपये. तेही आत बल्ब बसत असेल तर.”