शेवटचं एकच

सरांना नाव आहे, पण जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये ते कुणी वापरत नाही. पोरी त्यांना माघारी ‘शेवटचं सर’ म्हणतात. पालकांनीही ते उचललं आणि हल्ली वॉचमनसुद्धा किल्ली हातात धरून विचारतो, “शेवटचं सर निघाले का?” कारण साधं आहे. बीमवर कुणी चढली की सर म्हणतात, “चल बाळा, शेवटचं एकच.” हे ते संध्याकाळी पाचला म्हणायला लागतात आणि आठला थांबतात. एकदा बाकावर बसून मी मोजायला घेतलं. एकतिसाव्या ‘शेवटच्या’ला मीच दमलो.

सर ठेंगणे, खांद्यांनी रुंद. बोटं कायम मॅग्नेशियानं पांढरी. त्यांच्या चहाच्या कपावर, स्कूटरच्या हँडलवर, हजेरीच्या वहीवर, सगळीकडे तीच पांढरी बोटं उमटलेली असतात. ‘विश्रांती’ हा शब्द ते तोंडात गरम बटाटा आल्यासारखा उच्चारतात. रविवारी रीतसर सुट्टी असते, फक्त सात ते साडेआठ ‘जरा हलकं’. हलकं म्हणजे काय, ते आम्हा पालकांना सोमवारी कळतं. पोटऱ्या भरून आलेली मुलगी कठडा धरून जिना उलटी उतरत असते.

कुणी पालक धीर करून बोललाच, तर सरांचं उत्तर तयार असतं. “2016, रिओ ऑलिंपिक. दीपा कर्माकर. प्रोदुनोव्हा व्हॉल्ट मारला, 15.066 गुण, चौथी! ब्राँझ गेलं 0.150नं. हे 0.150 कुठून येणार? गादीवर लोळून?” पालक गप्प बसतो. दशांशापुढे तीन आकडे आले की मराठी माणूस वाद घालत नाही.

यंदा मात्र राष्ट्रीय स्पर्धेच्या तयारीसाठी एक फिजिओ बाई येऊ लागल्या. आल्या आल्या त्यांनी पोरींची मनगटं दाबून पाहिली. दोघींनी ओठ चावले. बाई म्हणाल्या, “सर, बाकी खेळाडू पायावर उभे राहतात, या हातांवरही उभ्या राहतात. मनगटाच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा भाग अजून कोवळा आहे. रोज आपटून तो दुखावतो. सरावानं शरीर झिजतं, भरून येतं ते झोपेत.” सरांनी झोपेचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग बाईंनी तक्ता काढला. सराव संपला की मुलीनं तो किती जड गेला ते दहापैकी सांगायचं आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. 180 मिनिटं, जड गेला सात, म्हणजे 1260. तो झाला त्या दिवसाचा भार. आकडा दिसताच सरांचे डोळे चमकले. त्यांनी वही ओढून घेतली, रेघा आखल्या आणि आठवड्याअखेर खुशीत जाहीर केलं, “पोरींनो, मागचा आठवडा 6300, या आठवड्यात 7200! पुढच्या आठवड्यात विक्रम करू!”

बाईंनी कपाळावर हात मारला. “सर, हा स्कोअर नाही. हे विजेचं बिल आहे!”

सरांना ते पटलं नाही, पण बाईंना दुसरीच गोष्ट खटकली. त्यानंतर सराव कसाही होवो, पोरी जडपणा सांगायच्या चार. फाटलेल्या तळव्यांवर पट्टी लावूनही चारच. कारण विचारताना सर शेजारी उभे असत. “चार?” म्हणत भुवई उंचावली की पोरगी घाईनं सांगे, “तीन, सर.”

बाईंनी सिमोन बाइल्सचं उदाहरण देऊन पाहिलं. टोकियोत, 2021 मध्ये, हवेत असताना आपण कुठे आहोत तेच तिला कळेना. तिनं स्पर्धा अर्ध्यावर सोडली, मग मोठी विश्रांती घेतली, आणि 2024च्या पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदकं नेली. सर क्षणभर विचारात पडले. म्हणाले, “म्हणजे बघा, तीन वर्षं तयारी केली पोरीनं!”

शेवटी सरांना शिकवलं ते सरांच्याच खांद्यानं. बारवरून निसटलेल्या मुलीला त्यांनी हवेतच झेललं. मुलीला ओरखडाही नाही, सरांचा हात मात्र गळ्यात. डॉक्टरांनी तीन आठवडे हालचाल बंद सांगितली. चौथ्या दिवशी सर हॉलमध्ये हजर, झोळीतला हात चोरून वर-खाली करून बघत होते.

“सर, किती दुखतंय? दहापैकी सांगा,” बाईंनी विचारलं.

सरांनी पोरींकडे पाहिलं. पोरी टक लावून त्यांच्याकडे बघत होत्या.

“दोन,” सर म्हणाले.

सगळ्यांत धाकटीनं भुवई उंचावली. “दोन?”

हॉलमध्ये हसू फुटलं. सर आधी रागावले, मग जमिनीकडे बघत पुटपुटले, “आठ.”

त्या शनिवारी त्यांनी वही मागवली. रविवारच्या रकान्यात डाव्या हातानं, आयुष्यात पहिल्यांदाच, शून्य काढलं. ते जरा चेपलेलं आलं. सरांनी वही लांब धरून पाहिली, मान हलवली, खोडून पुन्हा काढलं. तेही तिरकं झालं.

“थांबा,” पोरींकडे न बघता ते म्हणाले, “शेवटचं एकच.”