स्प्लिट कसा केला?

सोमवारी सकाळी 'स्मरणपत्र' येतं. बुधवारी 'अंतिम स्मरणपत्र'. आणि गुरुवारी जेवण आटोपून माणूस जरा टेकतोय तोच 'खरोखर अंतिम स्मरणपत्र'. तिन्हींतला मजकूर एकच : दुपारी साडेतीन, दुसरा मजला, लहान सभागृह, 'औषधरचनेतील कृत्रिम बुद्धिमत्ता' जर्नल क्लब, पेपर वाचून यावे. 'वाचून' हा शब्द ठळक. पाठवणारे सर. त्यांना रीतसर नाव आहे, पण आमच्या पुण्यातल्या संस्थेत ते कुणी वापरत नाही. 'गुरुवारवाले' म्हटलं की पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना कळतं.

असे गृहस्थ फक्त आमच्याकडेच असतात असं नाही. जिथे चार संगणक आणि एक फ्यूम हूड आहे, तिथे असा एक जण निघतोच. या कामाचे त्याला पैसे मिळत नाहीत, बढतीच्या अर्जात त्यासाठी रकाना नाही, आणि सभागृहाच्या किल्लीसाठी दर आठवड्याला त्याच कारकुनापुढे तोच अर्ज करावा लागतो. तरी हा हटत नाही. आमच्या सरांच्या पिशवीत पाच जातींची डोंगलं, एक एक्स्टेंशन बोर्ड, हिरव्या शाईचं पेन आणि पेपरच्या दोन प्रती असतात : एक छापून आलेली, दुसरी प्रीप्रिंटची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मधल्या काळात कोणता आलेख गुपचूप गळाला ते शोधणं, हा त्यांचा बुधवार रात्रीचा विरंगुळा. सौ. सर म्हणतात, "इतक्या बारकाईनं कधी विजेचं बिल पाहिलं नाही हो यांनी."

नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऑस्लर ऐकावा लागतो. १८७५ साली माँट्रियलला मॅकगिल विद्यापीठात विल्यम ऑस्लर यांनी जर्नल क्लब काढला. का काढला? "नियतकालिकं महाग होती, एकेकट्याला परवडेनात, म्हणून!" हे सांगताना सरांचा चेहरा असा खुलतो की ऑस्लर सदाशिव पेठेत राहत होते की काय, अशी शंका यावी.

मग पेपर सुरू होतो. एखादी पीएच.डी.ची मुलगी जीव मुठीत धरून दुसऱ्या स्लाइडवर पोचते, आणि खुर्चीतून आवाज येतो, "बरं, पण स्प्लिट कसा केला?"

हा प्रश्न सरांनी विचारला नाही असा गुरुवार नाही. मॉडेलला काही रेणू शिकायला द्यायचे, काही परीक्षेला राखून ठेवायचे. ती वाटणी म्हणजे स्प्लिट. वाटणी नुसती चिठ्ठ्या टाकून केली, तर शिकवणीतल्या रेणूंचे सख्खे-चुलत परीक्षेत येऊन बसतात आणि मॉडेलला ९५ टक्के पडतात. "पेपर फुटलाय," सर जाहीर करतात. वर्तमानपत्रं वाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला यातलं गांभीर्य लगेच पोचतं. त्यानंतरचे प्रश्न ठरलेल्या क्रमानं येतात : "सप्लिमेंटरी वाचली का?", "आधी साधं रँडम फॉरेस्ट लावून बघितलं का?" आणि "मुद्दा बारीक आहे, पण...". या शेवटच्यानंतर अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

२०१९ साली एक पेपर आला होता. औषध प्रथिनात कसं बसेल ते संगणकावर पाहणाऱ्या डॉकिंगवाल्यांच्या 'डड-ई' या लाडक्या विदासंचावर गाजलेल्या मॉडेलांची त्यात झडती होती. औषध ज्या प्रथिनाला चिकटायचं त्याची माहितीच काढून घेतली, तरी मॉडेल जवळजवळ तितकेच गुण मिळवत होतं. म्हणजे ते प्रथिनाकडे बघतच नव्हतं! इतक्या आनंदात सर मी क्वचितच पाहिलेत. त्यांनी ही गोष्ट चहावाल्याला सांगितली, मला जिन्यात दोनदा सांगितली, आणि भाच्याच्या लग्नात, हातात अक्षता असताना, व्याह्यांच्या एका संख्याशास्त्रज्ञ नातेवाइकाला सांगितली. पुढच्या महिन्यात ते नातेवाईक क्लबमध्ये पेपर सादर करताना दिसले. सरांशी बोलताना आपला विषय सांगू नये, ते याचसाठी.

त्याच वर्षी इनसिलिको मेडिसिन या कंपनीचा शेहेचाळीस दिवसांचा पेपरही गाजला. मॉडेलनं रेणू सुचवले, ते बनवले, तपासले, सगळं शेहेचाळीस दिवसांत. संगणकवाले टाळ्या वाजवत होते. आम्ही बनवणारे रसायनवाले मागच्या रांगेत कुजबुजत होतो की हा रेणू कुठेतरी पाहिलाय. सरांनी काहीच न बोलता पिशवीतून दोन ट्रान्सपरन्सी काढल्या (त्या ते अजून कुठून मिळवतात कोण जाणे). एकीवर तो नवा रेणू, दुसरीवर पोनॅटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरचं आधीचं औषध. एकीवर एक ठेवून खिडकीकडे धरल्या. त्यानंतर संगणकवाले आणि रसायनवाले यांच्यात जे झालं ते इतिवृत्तात 'सखोल चर्चा' या नावानं नोंदलं आहे.

सर मॉडेलांच्या विरुद्ध आहेत असं कुणाला वाटेल. तसं अजिबात नाही. नव्वदच्या दशकात त्यांनी स्वतः क्यूएसएआरची, म्हणजे रेणूच्या रचनेवरून त्याचे गुण सांगणारी, समीकरणं मांडण्यात उमेदीची वर्षं घातली. "माझे सगळे रेणू कागदावर उत्तम होते," असं ते हसून सांगतात. हॅलिसिनचा पेपर ते अजून प्रेमानं काढतात. सुमारे तेवीसशे रेणूंवर शिकलेल्या मॉडेलनं, मधुमेहासाठी म्हणून तपासून बाजूला पडलेल्या एका रेणूत प्रतिजैविक ओळखलं, आणि मुख्य म्हणजे एमआयटीच्या लोकांनी ते खरोखर जिवाणूंवर आणि उंदरांवर करून पाहिलं. "करून पाहिलं!" सर टेबलावर बोट आपटतात आणि आम्हा रसायनवाल्यांकडे असं बघतात, की आता उठून लगेच फ्लास्क धुवायला घ्यावा.

२०२४च्या ऑक्टोबरात बेकर, हसाबिस आणि जंपर यांना प्रथिनांवरच्या संगणकी कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तो बुधवार होता. गुरुवारी सर पेढे घेऊन आले, जणू जंपर त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता. सगळ्यांच्या तोंडात पेढा गेल्यावर म्हणाले, "बरं, पण प्रथिनाची रचना कळली म्हणजे औषध मिळालं असं नाही." त्याच वर्षी मे महिन्यात प्रथिनांची रचना सांगणाऱ्या अल्फाफोल्ड-३ या मॉडेलचा पेपर 'नेचर'मध्ये कोड न देता छापून आला, तेव्हा त्यांनी तो क्लबात घ्यायला साफ नकार दिला होता. 'कोड नाही, तर क्लब नाही' असं फळ्यावर लिहून ठेवलं. नोव्हेंबरात कोड आला, मगच फळा पुसला.

वीज गेली तरी क्लब थांबत नाही. एकदा प्रोजेक्टर अंधारला तर सरांनी रेणू तोंडी सांगायला सुरुवात केली. "सी, सी, कंस, बरोबर-ओ, कंस पूर्ण, ओ, सी-एक, सी, सी, सी, सी, सी-एक..." मागून कुणीतरी ओरडलं, "ॲस्पिरिन!" सर म्हणाले, "शाब्बास. हाच नेहमी पेपर वाचून येतो."

न वाचता आलेला माणूस मात्र त्यांना वासावरून कळतो. एका मुलीनं चॅटबॉटकडून सारांश करून आणला होता. त्यात उंदरांवरच्या प्रयोगाचे निष्कर्षही होते. सरांनी शांतपणे हिरवं पेन ठेवलं आणि विचारलं, "अगं, यातला उंदीर दाखव बरं." पेपरात उंदीर नव्हता. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत शोधला, सप्लिमेंटरीत शोधला, नव्हता. सभागृह हसत होतं, सर हसले नाहीत. साडेपाचला सगळे गेल्यावर त्या मुलीला घेऊन बसले आणि सातपर्यंत एकेक आकृती वाचून घेतली. परवा एका मोठ्या परिषदेत त्याच मुलीनं हात वर करून विचारलं, "सर, स्प्लिट कसा केला?" व्यासपीठावरच्या वक्त्याला पाणी मागवावं लागलं, असं ऐकलं.

२०२५मध्ये रेंटोसर्टिबचे निकाल आले. लक्ष्य आणि रेणू दोन्ही शोधायला मॉडेलांची मदत घेतलेलं फुप्फुसाच्या आजारावरचं औषध, एकाहत्तर रुग्ण, बारा आठवडे, आणि निकाल आशादायक. सरांनी पेपर मिटला आणि म्हणाले, "बरं आहे." आम्ही 'पण'ची वाट बघत राहिलो. तो आलाच, दाराशी पोचल्यावर : "पण एकाहत्तरच."

या सगळ्यात हजेरी किती, असं विचाराल. वडे यायच्या वेळी पंचवीस, वडे संपल्यावर सहा. म्हणून आता सर वडे तिसऱ्या आकृतीनंतर मागवतात. उरलेले स्वतः डबा घेऊन प्रयोगशाळांमधून वाटत फिरतात आणि घेणाऱ्याचं नाव पुढच्या महिन्याच्या वक्त्यांत टाकतात.

पुढच्या गुरुवारी वक्ता ठरलेला नाही. कुणी पुण्यात असेल आणि एखाद्या पेपरची निदान पद्धतीपर्यंतची पानं वाचून झाली असतील, तर साडेतीनला या. एवढंच करा, स्प्लिट कसा केलाय ते घरून बघून या.